५६ मिनिटं ४० सेकंदांवर अडलेला प्रयोग

मे महिन्यातल्या एका गुरुवारी संध्याकाळी सरांचा फोन आला. "ताई, सातव्यांदा बंद पडलं. आता मी हात टेकले."

सर माध्यमिक शाळेत गणित शिकवतात आणि शाळा सुटल्यावर नाशिकमधल्या एका हौशी नाट्यसंस्थेचे दिवे सांभाळतात. गेली काही वर्षं संस्थेच्या प्रयोगांचं चित्रणही तेच करतात, म्हणजे दोन कॅमेरे ट्रायपॉडवर लावून ठेवतात आणि स्वतः लाइटच्या बोर्डावर जाऊन बसतात. या वेळचा प्रयोग साईखेडकर नाट्यगृहातला. दोन अंक, एक तास ४८ मिनिटं, दोन्ही कॅमेरे फोर-के, सेकंदाला २५ फ्रेम, शिवाय विंगेतून एका मुलाने मोबाइलवर घेतलेले तुकडे. कापाकापी, आवाज, रंग सगळं झालं होतं. टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडे ओळीने मांडतात त्या पट्टीवर, नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत सुरळीत चालायचं. एक्सपोर्टला, म्हणजे सगळं जोडून एक अखंड फाइल काढायला, लावलं की सॉफ्टवेअर न सांगता न सवरता बंद व्हायचं.

रविवारी सकाळी दहाला तालमीच्या हॉलमध्ये सगळ्यांना प्रयोग दाखवायचा ठरला होता. संस्थेतले सगळ्यात ज्येष्ठ नट सोमवारच्या गाडीने कायमचे मुलीकडे जाणार होते, त्यामुळे तारीख पुढे ढकलायची सोय नव्हती. "प्रयोगात एक वाक्य इकडचं तिकडे झालं नाही हो," सर म्हणाले, "आणि इथे येऊन अडलंय."

मी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. आता कशालाही हात लावू नका. आणि सातही वेळा काय झालं ते आठवेल तसं लिहून काढा: कितव्या मिनिटावर बंद पडलं, सुरू केल्यापासून किती वेळाने, त्या वेळी पीसीवर आणखी काय चालू होतं, आणि आधीच्या खेपेनंतर काय बदललं होतं.

शुक्रवारी शाळेची कामं आटोपून सर घरी आले तेव्हा मी कॉलेज रोडवरून मायको सर्कल, उंटवाडी करत सिडकोत पोचले. पीसी वरच्या खोलीत. दिवसभर तापलेला स्लॅब, कॅबिनेटचं झाकण काढलेलं आणि त्यावर टेबलफॅन रोखलेला. शेजारी लाइटच्या क्यूची, म्हणजे कुठला दिवा कधी लावायचा-विझवायचा याची, वही उघडी होती. तिच्याच मागच्या पानावर सरांनी सात ओळी लिहिल्या होत्या, क्यू लिहितात तशाच नेटक्या.

ते पान वाचताना माझं निम्मं काम झालं. सातपैकी पाच वेळा टाइमलाइनची वेळ एकच होती, ५६ मिनिटं ४० सेकंद. चौथ्या खेपेला मात्र २२ मिनिटांवरच बंद पडलं होतं. आणि सहाव्या खेपेला, कुणाच्या तरी सल्ल्यावरून ग्राफिक्स कार्डाचा वापर बंद करून लावलं, तेव्हा ते रात्री नऊपासून पहाटे चारपर्यंत चाललं, ५६:४० ओलांडून गेलं आणि एक तास ३१ मिनिटांवर बंद पडलं.

मधल्या काळात सरांनी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, नवा टाकला होता, एडिटिंगचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवलं होतं, कॅबिनेट उघडं केलं होतं, फाइलचा प्रकार बदलून पाहिला होता. बहुतेक खेपा सव्वा तासाच्या, त्यामुळे चार दिवस असेच गेले. यातला एकही उपाय मूर्खपणाचा नव्हता. पण प्रत्येक उपाय आजाराचं नाव आधीच ठरवून केलेला होता. मे महिन्यात नाशिकमध्ये पीसी बंद पडला की शंभरातले नव्वद जण "तापला असेल" म्हणतात, आणि खोलीत पाऊल टाकलं की मलाही तेच वाटलं असतं.

उष्णतेचा संशय वहीतल्या नोंदींशी जुळतही होता, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. पाच वेळा जागा एकच होती, पण पाचही वेळा एक्सपोर्ट सुरुवातीपासून लावलेलं असल्याने तिथवर पोचायला लागलेला वेळही एकच होता, सव्वा तास. मग दोष त्या जागेत आहे की सव्वा तास राबल्यावर मशीनला काही होतंय, हे या पाच नोंदींवरून सांगता येत नाही. दोन्ही शक्यता एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्या सोडवायला सुरुवात दुसरीकडून करावी लागते.

मी टाइमलाइनवर ५४ मिनिटांवर सुरुवातीची खूण केली, ५९ वर शेवटची, आणि तेवढ्याच पाच मिनिटांचं एक्सपोर्ट लावलं. मशीन थंड होतं, नुकतंच चालू केलेलं. साडेतीन मिनिटांत सॉफ्टवेअर बंद. ५६:४० वरच. तेव्हा ग्राफिक्स कार्डाचं तापमान ७१ अंश होतं, म्हणजे काळजीचं काहीच नाही. मी टेबलफॅन बंद करायला सांगितला. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि तो आमच्या दोघांकडे वळवला.

या एका चाचणीने उष्णता बाजूला पडलीच, शिवाय सव्वा तासाची खेप साडेतीन मिनिटांवर आली. आता एका संध्याकाळी वीस गोष्टी तपासता येणार होत्या.

५६:४० ला टाइमलाइनवर पहिला अंक संपतो. शेवटचा प्रवेश जवळजवळ अंधारातला, निळ्या उजेडाचा. तिथून चित्र हळूहळू विरघळत नाटकाच्या पोस्टरवर येतं, पोस्टर आठ सेकंद सावकाश मोठं होत जातं आणि दुसरा अंक सुरू होतो. पोस्टर उभं आणि पडदा आडवा, म्हणून दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागेत त्याच पोस्टरची धूसर केलेली प्रत मागे लावलेली. दिसायला छान होतं ते.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे मशीनवरच्या घडामोडींच्या नोंदवहीत, अ‍ॅप्लिकेशनच्या नोंदी उघडल्या. ५६:४० च्या प्रत्येक वेळी तिथे १००० क्रमांकाची नोंद होती आणि ज्या फाइलपाशी सॉफ्टवेअर कोसळलं तिचं नाव ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फाइलचं होतं. सरांनीही हे पाहिलं होतं आणि म्हणूनच ड्रायव्हर बदलला होता. पण मडकं ज्याच्या हातात फुटलं त्याचं नाव त्या नोंदीत येतं. ते आधीच तडकलं होतं का, किंवा त्यात मावेल त्यापेक्षा जास्त भरलं होतं का, हे ती नोंद सांगत नाही.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा आलेख उघडा ठेवला. कार्डाची मेमरी ४ जीबी.

पोस्टरचे दोन्ही थर बंद केले आणि तीच पाच मिनिटं लावली. पार पडली, मेमरी १.१ जीबीच्या वर गेली नाही. सर म्हणाले, "म्हणजे पोस्टर खराब आहे." मी म्हटलं, थांबा. पोस्टर पुन्हा चालू केलं आणि अंधाऱ्या प्रवेशावरचा दाणे घालवण्याचा इफेक्ट, म्हणजे डिनॉइज, बंद केला. तरीही पार पडली, मेमरी ३.६ जीबीपर्यंत चढली. मग डिनॉइज चालू, पोस्टरही चालू, फक्त मागची धूसर प्रत बंद. तेव्हाही पार, २.२ जीबी. तिन्ही एकत्र चालू केले की आलेख ३.९ ला टेकायचा आणि सॉफ्टवेअर गायब व्हायचं.

एकेकटं कुणीच दोषी नव्हतं. कुठलाही एक थर काढला की काम होत होतं, त्यामुळे "हाच तो" असं कुणाकडेही बोट दाखवता आलं असतं, आणि दर वेळी ते खरं वाटलं असतं.

गणिताचे सर समोर होते, म्हणून कागदावर हिशेब मांडला. फोर-के फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल. एक्सपोर्टच्या सेटिंगमध्ये कमाल बिट डेप्थवर, म्हणजे रंगाच्या सर्वाधिक अचूकतेवर, टिचकी होती. म्हणजे प्रत्येक पिक्सेलचे चार आकडे, प्रत्येक आकडा चार बाइटचा, मिळून १६ बाइट. एका फ्रेमला १३३ एमबी. डिनॉइज हा इफेक्ट एकाच फ्रेमकडे पाहून चालत नाही. दाणे कुठले आणि खरं चित्र कुठलं, हे ओळखायला तो मागच्या दोन आणि पुढच्या दोन फ्रेम्सही हाताशी धरतो. पाच फ्रेम्स, सुमारे ६६० एमबी.

आता पोस्टर. छापखान्याने दिलेली मूळ फाइल जशीच्या तशी टाकलेली होती, ए-थ्री आकार, इंचाला ६०० ठिपके. म्हणजे ७०१६ गुणिले ९९२१, सुमारे ७ कोटी पिक्सेल. १६ ने गुणल्यावर १.१ जीबी. हार्ड डिस्कवर ती जेपीजी फाइल ९ एमबीची दिसते, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण जेपीजी ही घडी घातलेली चादर आहे. वापरायला ती उलगडावीच लागते. मागची प्रत आणखी १.१. धूसर करताना जुनं चित्र ठेवून नवं बनवायला लागणारी जागा आणखी १.१. इथवर ३.३ झाले. विरघळण्याच्या काळात अंधारा प्रवेशही अजून पडद्यावर असतो, त्याचे ०.६६ मिळवले की ४ जीबी भरलेच. विंडोज आणि मॉनिटरला लागते ती मेमरी वेगळीच.

सर थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो: "मग टाइमलाइनवर हेच सगळं नीट कसं चालतं?"

कारण तिथे हे सगळं नसतंच. प्रीव्ह्यू, म्हणजे काम करताना दिसणारं चित्र, पाव रिझोल्युशनवर ठेवलेला होता. पाव म्हणजे रुंदीही पाव आणि उंचीही पाव, पिक्सेल सोळावा हिस्सा. शिवाय प्रीव्ह्यूला कमाल बिट डेप्थ लागू नव्हती, पिक्सेलला १६ ऐवजी ४ बाइट. सोळा चोक चौसष्ट. टाइमलाइनवर जी फ्रेम दोन एमबीत बसते तीच एक्सपोर्टला १३३ मागते. तालमीत रिकाम्या खुर्चीला सिंहासन मानून काम भागतं, प्रयोगाला खरं सिंहासन विंगेतून आत यावं लागतं. दारातून ते जाईल का, हे त्याच दिवशी कळतं.

राहिल्या त्या दोन वेगळ्या नोंदी, २२ मिनिटांची आणि एक तास ३१ मिनिटांची. पोस्टरचा दोष सापडल्यावर त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचा मोह फार होतो. पण पोस्टरपासून इतक्या लांब घडलेल्या घटनांना पोस्टर जबाबदार असू शकत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये या वेळी सिस्टिमच्या नोंदी पाहिल्या. दोन्ही वेळांना, अगदी मिनिटामिनिटाने जुळणारी, २००४ क्रमांकाची नोंद होती. विंडोजला व्हर्च्युअल मेमरी कमी पडली की ही नोंद होते आणि सगळ्यात जास्त मेमरी कुणी घेतली त्यांची नावंही त्यात असतात. २२ मिनिटांच्या वेळी पहिलं नाव एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं, दुसरं ब्राउझरचं. सरांच्या वहीत त्याच ओळीत लिहिलं होतं: "मुलीचा प्रोजेक्ट, नेट चालू."

पीसीत रॅम १६ जीबी. ती पुरली नाही की विंडोज सी ड्राइव्हवरच्या पेजफाइलची जागा वापरतं आणि गरजेप्रमाणे ती फाइल वाढवत नेतं. सी ड्राइव्हवर मोकळी जागा होती ६ जीबी. वाढायला वावच नव्हता. आणि सी भरला कशाने? एडिटिंगच्या कॅशेने, म्हणजे काम वेगाने व्हावं म्हणून सॉफ्टवेअर साठवतं त्या तात्पुरत्या फाइल्सनी. दोन वर्षांतल्या सगळ्या नाटकांच्या कॅशे फाइल्स तिथे साठल्या होत्या, ११८ जीबी. डी ड्राइव्ह अर्धा रिकामा पडलेला.

रात्रभर चाललेली सहावी खेपही यातच बसली. ग्राफिक्स कार्ड बाजूला केल्यावर सगळा भार रॅमवर आला. पोस्टरपाशी कार्डाची ४ जीबीची अडचण उरली नाही, म्हणून ते पार झालं. पण पुढे तासन्‌तास रॅम भरत गेली, पेजफाइल वाढू शकली नाही, आणि पहाटे चारला तेही संपलं. "कार्ड बंद करूनही बंद पडतंय म्हणजे कार्डाचा दोष नाही," असा अर्थ सरांनी लावला होता. एका जागी दोन दोष असतील तर असा अर्थ हमखास चुकतो, कारण एक दोष टाळताना दुसऱ्याच्या तावडीत सापडलेलो असतो.

मोबाइलच्या क्लिप्सवरही माझा डोळा होता. मोबाइल प्रकाशाप्रमाणे फ्रेमचा वेग कमीजास्त करतो आणि त्याने अनेकदा आवाज पुढेमागे होतो. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये पाहिलं तर वेग खरंच बदलता होता. हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून त्या सेकंदाला स्थिर २५ फ्रेमवर करून घेतल्या. क्रॅशशी त्यांचा संबंध निघाला नाही.

शनिवारी दुपारी दुरुस्तीला बसलो. मी आधी विचारलं, हे दाखवणार कशावर? भाड्याचा प्रोजेक्टर, फुल एचडी. मग रविवारसाठी फोर-के फाइलची गरजच नव्हती. टाइमलाइनची प्रत काढून ती फुल एचडी केली. फ्रेमचा भार १३३ वरून ३३ एमबीवर आला. मूळ फोर-के टाइमलाइन तशीच ठेवली, ती संस्थेच्या संग्रहासाठी नंतर सावकाश काढता येईल.

पोस्टर २१६० पिक्सेल उंचीचं करून घेतलं. १.१ जीबीचं ओझं ५३ एमबीवर आलं आणि पडद्यावर तसूभरही फरक दिसला नाही. धूसर प्रत इफेक्टने न करता तयार चित्र म्हणूनच बनवून घेतली. डिनॉइज लावलेले अंधारे प्रवेश मिळून १९ मिनिटांचे होते. ते वेगळे काढून डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या प्रकारात रेंडर केले, म्हणजे इफेक्टसकट पक्क्या फाइल्स काढल्या, आणि टाइमलाइनवर मूळ क्लिप्सच्या जागी बसवले. या प्रकारच्या फाइल्स जागा भरपूर खातात, आमच्या २६ जीबी झाल्या, पण त्या उलगडायला मशीनला कष्ट पडत नाहीत. जड काम आधी उरकलेलं असल्यामुळे शेवटच्या एक्सपोर्टला फक्त जोडणी उरते. शिवाय मध्ये काही अडलं तर ती १९ मिनिटं पुन्हा करावी लागत नाहीत. घाईच्या कामात मला हाच सगळ्यात मोठा दिलासा वाटतो.

कॅशे सॉफ्टवेअरमधूनच साफ केली आणि तिची जागा डी ड्राइव्हवर नेली. सी वर सव्वाशे जीबी मोकळे झाले. पूर्ण एक्सपोर्ट लावण्याआधी पुन्हा तीच ५४ ते ५९ मिनिटं काढली. कार्डाची मेमरी ०.९ जीबीवर राहिली. मग ब्राउझर बंद केला, मुलीला सांगितलं, आणि रात्री सव्वाअकराला संपूर्ण प्रयोग लावला.

५२ टक्क्यांपाशी, म्हणजे ५६:४० जवळ आलं तसे, सर उठून उभे राहिले. आकडा ५३ झाला, ५४ झाला. बाराला पाच मिनिटं असताना फाइल तयार होती, ८.१ जीबी.

पेन ड्राइव्हवर ती जाईना. "फाइल फार मोठी आहे" म्हणे, आणि ड्राइव्हवर तर ३० जीबी रिकामे. तो जुन्या फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसतच नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला, काम झालं. मग झोपण्याआधी फाइल सुरुवातीला, पोस्टरपाशी आणि शेवटच्या टाळ्यांपाशी चालवून ओठ आणि आवाज जुळतात का ते पाहिलं. जुळत होते.

रविवारी चहाच्या वेळी सरांनी विचारलं, नवं ग्राफिक्स कार्ड घेऊ का? माझं मत सांगितलं: आधी रॅम ३२ जीबी करा, तो कमी खर्चाचा आणि रोज उपयोगी पडणारा बदल आहे. कार्डाचं नंतर बघू. पण त्याच्याही आधी, इतकं डिनॉइज लागलंच का, ते बघा. दोन्ही कॅमेरे ऑटोवर होते. रंगमंच अंधारला की कॅमेरा घाबरून गेन, म्हणजे चित्र कृत्रिमपणे उजळण्याचं प्रमाण, वाढवतो, काळोखाचा राखाडी करतो, आणि त्या राखाडीत दाणे भरतात. सरांनी मुद्दाम निळा आणि मंद ठेवलेला उजेड कॅमेऱ्यानेच खोडून काढला होता, आणि तो परत आणण्यासाठी आम्ही १९ मिनिटं धूत बसलो होतो. दिवे तर सरांच्याच हातात. तालमीच्या दिवशी सगळ्यात काळोखा क्यू लावून कॅमेऱ्याचा गेन हाताने बांधून टाकला, तर एडिटिंगला फारसं काही उरत नाही.

सरांनी तिथेच लाइटची वही काढली. पुढच्या नाटकाच्या क्यूसाठी आखलेलं कोरं पान होतं. क्यू क्रमांक एकच्याही वर, समासात, त्यांनी लिहिलं: "दोन्ही कॅमेरे ऑटोवरून काढले का?" आणि पुढे टिचकीसाठी एक चौकोन काढला.